पहिल्या रांगेतले उंदीर

पन्नाशीला टेकलेली बाई पीएच.डी. करते म्हटल्यावर लोक कौतुकाने विचारतात, एवढी जिद्द आणली कुठून? मी जिद्द कुठूनही आणली नव्हती. अमरावतीच्या ज्या फार्मसी कॉलेजात मी उमेदीची सगळी वर्षं शिकवण्यात घालवली, तिथले आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीवर पीएच.डी. झालेलाच माणूस बसेल असं व्यवस्थापनाने सांगून टाकलं होतं. विभागात असा एकच माणूस होता, आणि तो माझा विद्यार्थी होता. तो पहिल्या वर्षाला असताना बडबड केली म्हणून मी त्याला प्रॅक्टिकलमधून बाहेर काढत असे. आता त्याच्यापुढे रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं, या एका चित्राने मला जे बळ दिलं, ते ज्ञानाच्या ओढीने कधीच दिलं नसतं.

विषय निवडायला मी फार वेळ घेतला नाही. वनस्पती जवळपास मिळणारी हवी, स्वस्त हवी, महागडं यंत्र लागू नये, आणि चाचणी कॉलेजच्या प्राणिगृहात उरकता यावी. या चार अटींत मुरुडशेंग चपखल बसली. मेळघाटातून येते, काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि आपल्याकडे घरोघरी बाळाच्या घुटीत उगाळतात. शेंग पिळवटलेल्या दोरीसारखी दिसते म्हणून पोटातल्या पिळावर चालते, असा जुन्या लोकांचा हिशोब. मला तो हिशोब पांढऱ्या उंदरांवर तपासायचा होता: एरंडेल पाजून उंदरांना जुलाब लावायचे आणि मुरुडशेंगेच्या अर्काने ते किती कमी होतात ते मोजायचं.

माझे गाइड अकोल्याचे. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाताना मी पुढे बार्शीटाकळीला आईला भेटून येई. आईला माझं संशोधन एकदाच समजावून सांगितलं.

"म्हणजे तू काय शोधून राहिली?"

"मुरुडशेंगेनं जुलाब थांबतात का, ते."

"थांबतेत."

"ते सिद्ध करावं लागतं, आई."

"तुमी चौघं जण लहानपणी तेच पिऊन मोठे झाले नं वं. आता माणसायचं सोडून उंदरायले काहून इचारून राहिली?"

याचं उत्तर माझ्या शोधप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे. आईला ते पटण्यासारखं नाही, म्हणून मी चहा घेतला आणि निघाले.

प्राणिगृह सांभाळायला आमच्याकडे एक परिचर होते. वलगावचे. सगळं कॉलेज त्यांना भाऊ म्हणायचं, मीही. उंदराला न दुखवता मुठीत धरायची त्यांची पद्धत अशी होती की उंदीरसुद्धा विचार करत असावा, चावावं की राहू द्यावं. पण भाऊंची खरी ओळख प्राणिगृहाबाहेर होती. वलगावात आणि आसपासच्या पाच-सात गावांत भंडारा असो, लग्न असो की रोडग्यांची पंगत, वाढपी म्हणून भाऊ हवेतच. वरणाची बादली एका हातात घेऊन ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, आणि शेवटच्या माणसाच्या पत्रावळीत वरण पडल्याशिवाय पहिल्याला दुसऱ्यांदा वाढत नसत. मग तो पहिला सरपंच का असेना. एकदा कुणा पुढाऱ्याला वांग्याच्या भाजीसाठी त्यांनी ताटकळत ठेवलं होतं. हे ते स्वतः सांगत, आणि दर वेळी तो पुढारी थोडा मोठा होत जाई.

मी हे सगळं ऐकून होते. पण प्राणिगृहाशी याचा संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही.

प्रयोगाची मांडणी सरळ होती. पिंजऱ्यांच्या तीन रांगा. पहिली रांग कंट्रोल. तिला आठवडाभर रोज सकाळी नुसतं पाणी पाजायचं. दुसऱ्या रांगेला जुलाबावरचं बाजारातलं नेहमीचं औषध. तिसरीला मुरुडशेंगेचा अर्क. पाजायला वाकड्या, बोथट टोकाची सुई असते. ती घशातून हळूच आत सरकवायची. आठवडा संपला की तिन्ही रांगांना सारखं एरंडेल द्यायचं, पिंजऱ्याखाली पांढरा कागद अंथरायचा, आणि कोणाचं पोट किती बिघडलं ते कागदावर मोजायचं. पहिल्या रांगेचं पोट सणकून बिघडायला हवं. ते बिघडलं तरच तिसऱ्या रांगेचं कमी बिघडलं असं म्हणता येतं. सगळी इमारत पहिल्या रांगेच्या जुलाबांवर उभी असते.

भाऊंसाठी मी कामांची यादी करून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून भिंतीला लावली होती. पिंजऱ्यातला भुसा कधी बदलायचा, खाद्य किती, पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी धुऊन ताजं पाणी भरायचं, मी सुईने पाजून झालं की अर्काचा फ्लास्क रिकामा करून धुवायचा. यादीत नाही असं काही उरलं नाही याची मला खात्री होती. गाइडनी तिचा फोटो काढून नेला होता आणि आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्यांना दाखवला होता.

आठवड्याच्या मध्यावर पहिल्या रांगेतल्या बाटल्यांच्या नळ्यांखाली मुंग्या दिसल्या. मी यादीत 'मुंग्यांचा खडू' वाढवला आणि तास घ्यायला गेले.

एरंडेलाच्या दिवशी मी रजा टाकली होती. कागद अंथरले, एरंडेल पाजलं आणि खुर्ची घेऊन बसले. तास गेला. तिसरी रांग छान, दुसरी छान. पहिल्या रांगेतल्या उंदरांनी मिशा साफ केल्या, पिंजऱ्यात इकडेतिकडे फिरले आणि दोघे तर झोपले. कागद पाहावेत तर नुकतेच दुकानातून आणल्यासारखे कोरे. कुठे एखादा डाग, एवढंच. शेवटपर्यंत पहिली रांग आणि तिसरी रांग यांत फरक म्हणून दाखवावं असं काही घडलं नाही.

मी एरंडेलाच्या बाटलीचा वास घेतला. मग तारीख वाचली. मग गाइडना फोन लावला.

"पण कंट्रोलला तुम्ही काही दिलंच नाही न मॅडम?"

"नुसतं पाणी, सर."

"मग तो बरा कसा राहिला?"

"तेच तुम्हाला विचारते आहे."

"पाणी कुठलं?" ते म्हणाले, आणि हा विनोद होता की शंका, हे मला कळायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

प्राण्यांसाठी समितीची परवानगी लागते, आणि माझ्या परवानगीतले उंदीर या प्रयोगात संपले होते. नोंदणीची मुदत हिवाळा सरताना संपत होती. विभागप्रमुखांच्या निरोपसमारंभासाठी शाल-श्रीफळाची वर्गणी सुरू झाली होती, आणि ती गोळा करत होता तोच माझा विद्यार्थी.

मी खुर्चीत तशीच बसले होते. भाऊ चहा घेऊन आले. चेहऱ्यावर लग्न सुखरूप पार पडल्याचं समाधान.

"मॅडम, एकाचंबी पोट बिघडलं नाई. एवढं एरंडेल पाजलं तुमी."

"पहिल्या रांगेचं बिघडायला पाहिजे होतं, भाऊ."

भाऊ हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "काहून?"

"त्यांना औषध नव्हतं न दिलं."

"तुमी नोतं देल्लं," भाऊ म्हणाले. "मी देत होतो न."

मी कप खाली ठेवला.

"फ्लास्कात उरते न थोडं. ते काय मोरीत फेकाचं? मेळघाटाहून आणेल वस्तू. मी त्यायच्या बाटल्यायमंदी टाकत होतो, तुमी तासाले गेल्यावर. पहिले पेत नोते, तुरट लागे त्यायले. मंग थोडासा गूळ टाकला. मंग असे पेत होते, मॅडम!"

मुंग्यांचा उलगडा झाला.

"पण का, भाऊ? कशासाठी?"

आता भाऊंना माझं आश्चर्य वाटू लागलं. "एका घरात तीन पंगती बसेल हायेत. एकीले गोळी, एकीले काढा. आन् पहिल्या पंगतीले काय? नुसतं पाणी! तेबी घशात सुई घालून. म्हणजे भाताचं मोठं भांडं दाखवाचं, वगराळं वाजवाचं आन् रिकामंच पत्रावळीवर झटकाचं. मॅडम, आमच्या गावात असं वाढलं असतं तं लोक पत्रावळी पालथ्या घालून उठून गेले असते. हे तं पिंजऱ्यात हायेत, उठूनबी जाऊ शकत नाईत."

मी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. फ्लास्क रिकामा करून धुवायचा, असं त्यात होतं. कुठे रिकामा करायचा, हे नव्हतं. पहिल्या रांगेला औषध देऊ नये, हेही नव्हतं. ते सांगावं लागेल असं मला, माझ्या गाइडना आणि ज्यांना यादीचा फोटो दाखवला त्या कोणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. गाइडनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे पुसले. रडले नव्हते. मग गंभीर होऊन म्हणाले, "सुरुवातीला तुम्ही छोटी फेरी घेतली होती, त्यातले कंट्रोलचे आकडे आहेत न? ते लावा इथे. कोण पाहतं?"

परतीच्या बसमध्ये मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन बाजू लिहिल्या. आकडे लावण्याच्या बाजूला पुष्कळ मुद्दे झाले: मुदत, परवानगी, खुर्ची, शाल-श्रीफळ. विरुद्ध बाजूला एकच मुद्दा होता: भाऊ. त्यांनी गूळ घातल्याची हकीकत कॉलेजच्या कँटीनमध्ये, सायकल स्टँडवर आणि शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या सुनेला सांगून झाली होती. आमच्याकडे गोष्ट कँटीनला कळली म्हणजे विद्यापीठाला कळवायची गरज राहत नाही. मी प्रामाणिक निर्णय घेतला. पुढे अनेकांनी त्याचं कौतुक केलं, आणि मी नाही म्हटलं नाही.

मग प्राण्यांच्या समितीपुढे अर्ज. समितीत आमचे प्राचार्य, एक पशुवैद्यक, आणि समाजाचा प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापक एरवी बैठकीत बिस्किटं संपेपर्यंत गप्प बसत. त्या दिवशी त्यांनी बशी बाजूला सारली.

"मॅडम, मला समजेल असं सांगा. पहिल्या रांगेतल्या उंदरांचं पोट बिघडायला हवं होतं?"

"हो सर."

"तुमच्या माणसानं त्यांना औषध पाजून ते बिघडू दिलं नाही?"

"हो."

"त्यामुळे प्राण्यांना काही त्रास झाला नाही."

"नाही झाला."

"आणि ही समिती प्राण्यांना त्रास होऊ नये यासाठी आहे." ते पशुवैद्यकांकडे वळले. "मग आपण मॅडमना परवानगी द्यायची की त्या भाऊंचा सत्कार करायचा?"

पशुवैद्यकांना खोकला आला. प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी पुढचा अर्धा तास कंट्रोल म्हणजे काय ते समजावलं: की पहिल्या रांगेचं पोट बिघडलं नाही तर औषधाचा उपयोग कधीच कळणार नाही, आणि मग माणसांना काय द्यायचं हेही कळणार नाही. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कळलं. पण गोड वाटत नाही." मला त्या खोलीतलं ते सगळ्यांत शहाणं वाक्य वाटलं, पण माझ्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून मी मान डोलावून पुढे गेले.

परवानगी मिळाली. उंदीर कमी, रांगा दोनच, आणि एक अट: परिचराला रीतसर प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षण मीच दिलं. वर्गात एकटे भाऊ, पहिल्या बाकावर, खिशाला पेन. मी फळ्यावर रांगा काढल्या. भाऊंनी सगळं नीट ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मोजणं झाल्यावर त्यायचं काय?"

"कशाचं?"

"पहिल्या पंगतीचं. तुमचं मोजणं झालं म्हणजे तं देता येते न?"

मी समितीचे नियम चाळले. शेवटचं रीडिंग झाल्यानंतर आजारी प्राण्यावर उपचार करावेत, असं त्यात स्पष्ट होतं. इतकी वर्षं ते कलम कोणी वापरल्याचं मला आठवत नव्हतं. मी पशुवैद्यकांना फोन करून विचारून घेतलं आणि भाऊंना हो म्हटलं. त्यांनी पेन काढून ते तळहातावर लिहून घेतलं.

दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीत झाली. या वेळी उरलेला अर्क मी स्वतः मोरीत ओतत होते, आणि भाऊ तोंड फिरवून उभे राहत. अन्न वाया घालवताना पाहिल्यावर बायकांचा होतो तसा चेहरा. पण बाटल्यांना त्यांनी हात लावला नाही.

एरंडेलाच्या दिवशी दुपारपर्यंत पहिल्या रांगेच्या कागदांवर जे दिसायला हवं होतं ते दिसू लागलं. भरपूर. तिसऱ्या रांगेतल्या, म्हणजे आता दुसऱ्या रांगेतल्या, उंदरांचे कागद त्या मानाने स्वच्छ. मुरुडशेंग चालत होती. दुसऱ्याच्या जुलाबाने एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी मोजत होते, लिहीत होते, कागद बदलत होते. मधेच एक उंदीर कोपऱ्यात अंग आखडून बसलेला दिसला. पोट आत ओढलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी त्याचा आकडा लिहिला. मग जरा थांबून पुढच्या पिंजऱ्याकडे गेले.

"मी भाईर हाओ," भाऊ म्हणाले. "झालं का आवाज द्या. माह्याच्यानं पाहणं होत नाई."

शेवटचा कागद उचलला आणि आवाज दिला. ते बाहेरच्या पायरीवर बसून होते. माझा आवाज संपायच्या आत दारात. त्यानंतर त्यांनी पहिल्या रांगेतल्या एकेका उंदराला मुठीत घेतलं आणि मी पाजलं.

प्रबंध लिहिताना पहिल्या, फसलेल्या फेरीबद्दल एक वाक्य घालणं भाग होतं. मी लिहिलं, 'परिचराच्या अनवधानामुळे कंट्रोल गटास अर्क मिळाला.' भाऊंनी ते टायपिंग करणाऱ्याकडून वाचून घेतलं आणि दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, अनवधान म्हणजे ध्यान नसणं न?"

"हो."

"माह्यं ध्यान होतं. रोज होतं. गुळाचा खडा घरून आणत होतो मी."

मी वाक्य बदललं: 'परिचराने हेतुपुरस्सर, समभावाने.' गाइडनी 'समभावाने' खाली लाल रेघ मारली. मी ती खोडली. ते थकले होते. त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी दोनशेच्या वर पानांतून नेमकं तेच वाक्य काढलं.

"हे समभावाने म्हणजे? निष्काळजीपणा झाला असं सरळ लिहायचं की."

सभागृहात मागच्या रांगेत भाऊ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. माझा विद्यार्थीही होता, दोन खुर्च्या पलीकडे. हो म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. पदवी एका शब्दाच्या अंतरावर होती.

"निष्काळजीपणा माझा होता, सर," मी म्हटलं. "मी काय करायचं ते सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनी त्यांना ठाऊक असलेल्या रीतीप्रमाणे केलं. ती रीत चुकीची नाही. फक्त प्रयोगात चालत नाही."

परीक्षकांनी पान उलटलं आणि ते सांख्यिकीवर गेले. सांख्यिकीत त्यांनी मला बराच घाम फोडला, पण पदवीची शिफारस केली.

नोंदणीची मुदत संपायला काही दिवस बाकी असताना हे सगळं उरकलं. मी पेढे घेऊन व्यवस्थापनाच्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकाने पेढा तोंडात टाकला आणि एक परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं. विभागप्रमुखपद यापुढे सेवाज्येष्ठतेनुसार आळीपाळीने द्यायचं ठरलं होतं, पीएच.डी.ची अट काढून टाकली होती. पहिली पाळी माझी होती. मी काहीही केलं नसतं, नुसती घरी बसून वाट पाहिली असती, तरी माझीच असती.

मी परिपत्रक दोनदा वाचलं. मग उरलेले पेढे घेऊन विभागात आले आणि माझ्या विद्यार्थ्याला त्याची पाळी कधी येते ते सांगितलं. त्याने आधीच मोजून ठेवलं होतं.